नरहरी खलाशाने बांधलेली जाळी

भिलाईच्या कारखान्यात जे जे म्हणून उंच आहे, ते ते नरहरी नगराळ्याने वर चढवलेलं आहे, असं निदान नरहरीचं म्हणणं होतं. इंजिनीअर नकाशे काढत, रशियन साहेब बोट दाखवत, पाहुणे येऊन फीत कापत. पण लोखंडाची ती धूडं जमिनीवरून उचलून आभाळात नेऊन बसवायची कोणी? खलाशांनी! वायर रोप बांधायचा, चेन पुली लावायची आणि टोळीच्या पुढे उभं राहून आरोळी ठोकायची. 'हाबेस' म्हटलं की माल वर, 'आरिया' म्हटलं की खाली. हे शब्द कुठल्या भाषेतले ते नरहरीला ठाऊक नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणे, "लोखंडाची भाषा आहे बाप्पा. लोखंडाले समजते ना, बस झालं. तुले समजून काय करशीन?"

आणि हा उंच चढवणारा माणूस स्वतः चांगला बुटका. टोळीतला सगळ्यात उंच माणूस म्हणजे लहानू. आईबापांनी नाव ठेवताना घाई केली असावी. नरहरी लहानूच्या खांद्यालाही लागत नसे, पण आवाज असा की कोक ओव्हनमधला माणूस ब्लास्ट फर्नेसवरची आरोळी ऐकून हातातलं काम टाकी. शिवाय एक खोड. कुठलीही वस्तू दिसली की दोर कुठे बांधायचा हे त्याच्या मनात आधी यायचं. एकदा लग्नाच्या पंगतीत नवरदेवाच्या मामाकडे बराच वेळ पाहून तो लहानूच्या कानात म्हणाला, "याले दोन जागी बांधा लागते. एका दोरानं पलटी खाईन." मामांनी ते ऐकलं. पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

भंडारा जिल्ह्यातलं पवनीजवळचं गाव सोडून तो इथे आला तेव्हा भिलाईत नुसती माती होती. त्याआधी, छप्पन साली तो नागपूरला दीक्षा घेऊन आला होता, आणि तेव्हापासून त्याच्या घरात भिंतीवर दोन तसबिरी होत्या नि जमिनीवर एकच नियम होता. पोरगा शिकणार. मॅट्रिक नव्हे, कॉलेज.

"खलासी म्हणजे काय?" तो बायकोला, रमाला, सांगायचा. "दुसऱ्याचा भार वर चढवाचा आन् आपण खालीच उभं राह्याचं. माहं पोट्टं असं खाली उभं राह्यलेलं मले चालणार नाही."

पोट्टं म्हणजे दयाराम. एकुलता एक. मामाच्या वळणावर गेला आणि उंच व्हायला लागला तो थांबेचना. अभ्यासात बरा होता. पण संध्याकाळी रशियन साहेब लोक आपल्या हॉस्टेलच्या मागे जाळी बांधून व्हॉलीबॉल खेळत, ते पाहून कामगारांच्या वसाहतीतल्या, म्हणजे सेक्टरातल्या पोरांनीही दोन बांबू रोवले, आणि तिथे दयारामचा जीव जडला. शाळेतून आला की दप्तर खाटेवर आणि पोरगा मैदानावर. घरात चालतानासुद्धा मध्येच उडी मारून छताला हात लावायचा. क्वार्टरच्या पांढऱ्या छतावर त्याच्या बोटांचे ठसे उठले होते. नरहरी जेवता जेवता वर बघायचा आणि त्याचा घास कडू व्हायचा.

त्याने ठरवूनच टाकलं होतं, त्या मैदानाकडे फिरकायचं नाही. चेंडूला तो 'ते फुगं' म्हणायचा. रमा बाजाराला जाता-येता थांबून पोराचा खेळ पाहायची. एकदा ती बोलून गेली, "बम उडते जी आपलं पोट्टं. पाहाले तं जा एकडाव."

"कोंबडंही उडते," नरहरी म्हणाला. "कॉलेजात घेतात का त्याले?"

असं चाललं होतं. दयाराम सेकंड क्लासमध्ये मॅट्रिक झाला. नरहरीने टोळीला पेढे वाटले आणि दुर्गच्या कॉलेजात नाव घालायची तारीख विचारून ठेवली. ती चौकशी केली शेजारच्या दौलतरावांकडे. दौलतराव टाइम ऑफिसात क्लार्क. ते दोन कॉलेजांतून नापास होऊन आले होते, त्यामुळे त्यांना कॉलेजची माहिती दुप्पट होती.

आणि अशा गोड वेळी दारात येऊन उभे राहिले ओमप्रकाश साहेब. कारखान्याचे खेळाचे साहेब. स्वतः साहेब खलाशाच्या घरी आलेला पाहून नरहरीने खुर्ची पुसली, रमाने चहा टाकला.

"नगराळे, तुम्हारा लड़का हीरा है," साहेब म्हणाले. "राउरकेला में टूर्नामेंट है. संडे को हमारी टीम का मैच रखा है, सेक्टर के लड़कों के साथ. अच्छा खेला तो सीधे नौकरी. खलासी में भर्ती, और काम मैदान में."

खलासी हा शब्द ऐकला आणि चहा नरहरीच्या नाकात गेला.

साहेब गेले आणि घरात जे पेटलं ते पेटलं. नरहरी म्हणे, "इतके वर्स मी दोर ओढले ते कायच्यासाठी? तू दोर ओढावा म्हणून?" दयाराम म्हणे, "दोर कोण ओढाले सांगून राह्यलं बाबा? मले खेळाचं आहे!" नरहरी म्हणे, "आज खेळशीन. उद्या गुडघा मोडला मंग? मंग खेळ जाईन आन् खलासी राहीन!" आता यात चूक काय होती सांगा? काही नव्हती. पण बापाचं बरोबर असणं हीच पोराला मोठी अडचण असते. दौलतराव भिंतीपलीकडून ऐकत होते, ते न राहवून आलेच. "खेळून कोणाचं पोट भरलंय, नरहरी?" असं म्हणून त्यांनी उरलेला चहा स्वतःकडे ओढला.

शेवटी रमाने पळी आपटली. "चूप बसा दोघंही! मॅच होऊ द्या. साहेबानं निवडलं तं पोट्ट्याच्या मनासारखं. नाही निवडलं तं त्यानं गुपचाप कॉलेजात जावं, आन् ते फुगं मी चुलीत घालीन. आहे कबूल?"

दयाराम ताडकन् हो म्हणाला. नरहरीने तसबिरीकडे पाहून शब्द दिला. त्याला वाटलं, घरात पाण्याची बादली धड न उचलणाऱ्या पोराला कारखान्याची टीम काय घेणार? डोंबल!

आणि आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं झालं. शुक्रवारी कामावर फोरमनने निरोप दिला की रविवारी मोठ्या मैदानावर व्हॉलीबॉलचे खांब उभे करून जाळी बांधायची आहे. खेळाच्या साहेबांनी खास खलाशांची टोळी मागितली आहे, बांबूबिंबू नकोत, पक्कं काम पाहिजे. टोळी नरहरीची.

नरहरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबला. मग लहानूला बाजूला घेऊन म्हणाला, "लहानू, जाळी थोडी वर गेली तं काय होईन?"

"कोनाची?"

"अबे, व्हॉलीबॉलची!"

"कोनाचाच बॉल पलीकडे जाणार नाही," लहानू म्हणाला. आणि मग त्याच्या लक्षात आलं. "नरहरी, हे पाप आहे बाप्पा."

"पाप कायचं? पोट्टं कॉलेजात जाऊन राह्यलं. पाप असते तं कॉलेजच कायले बांधलं असतं?"

लहानू डोकं खाजवत कबूल झाला. रविवारी सकाळी मैदान रिकामं असताना दोघांनी खांब रोवले, लोखंडी तार ताणली आणि जाळी बरोबर मापाला आणून बांधली. मग नरहरीने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "हाबेस." जाळी दोन बोटं वर गेली. "हाबेस." आणखी दोन. "हाबेस." अशी करता करता ती चांगली वीतभर वर चढली. नरहरीने लहानूला उडी मारायला लावली. टोळीतला सगळ्यात उंच माणूस, त्याचा हात जाळीच्या काठाला कसाबसा घासला. नरहरीला समाधान वाटलं. लहानूला जमत नाही ते कोणालाच जमणार नाही, असा त्याचा हिशेब. त्याने पोराला मैदानावर उडी मारताना कधी पाहिलंच नव्हतं, तर दुसरा हिशेब करणार तरी कुठून?

पंच होते दौलतराव. नियमाचं पुस्तक सेक्टरात त्यांच्याकडेच होतं. ते मापाची काठी घेऊन जाळीकडे निघाले तसा नरहरी त्यांना आडवा गेला.

"माप घेता का जी, दौलतराव? घ्या ना! फर्नेस उभी केली तवा रशियन साहेबानं माह्या कामाचं माप घेतलं नव्हतं. पण तुमी घ्या बाप्पा. तुमचा हक आहे."

टोळीतले सगळे खलासी दौलतरावांकडे पाहू लागले. दौलतरावांनी काठी पाठीमागे लपवली आणि ऊन फार आहे असं काहीतरी म्हणून ते पंचाच्या स्टुलावर जाऊन बसले.

मैदान भरलं होतं. सेक्टरासेक्टरातून माणसं आली होती, अहिवाऱ्याच्या खाणीवरून चुनखडीचे ट्रक चालवणारे गाड्या लावून उभे होते, फुटाणेवाल्या बायांचा धंदा जोरात होता. कारखान्याच्या टीममध्ये अरुणकुमार नावाचा एक पहिलवान खेळाडू होता, त्याला लोक तोफ म्हणत. तोफेने पहिली उडी घेतली, धाडकन् बॉल मारला, आणि तो सरळ जाळीत. लोक हसले. दुसरा मारला, जाळीत. तिसरा मारला, तो जाळीवर आपटून परत त्याच्याच छातीवर. तोफेने हाताकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, बूट काढून अनवाणी खेळून पाहिलं. काही उपयोग नाही. मग एकेक करून सगळ्यांचं तेच. कोणी म्हणे ऊन डोळ्यात येतं, कोणी म्हणे बॉलमध्ये हवा कमी, एक जण तर सकाळच्या पोह्यांवर घसरला. नाचता येईना अंगण वाकडं, अशी म्हण आहे ना? इथे अंगण खरोखरच वाकडं होतं आणि ते कोणाला दिसत नव्हतं!

फक्त मैदानाच्या कडेला बुटका नरहरी छाती फुगवून उभा होता.

मग बॉल दयारामकडे आला. त्यानेही मारला, त्याचाही जाळीच्या पट्टीला लागून आपल्याच अंगणात पडला. दयाराम थांबला. मान वर करून त्याने जाळीकडे नीट पाहिलं. खांबाकडे पाहिलं. मग काही न बोलता नेहमीच्या जागेपेक्षा मागे जाऊन उभा राहिला.

"गेला कॉलेजात," नरहरी लहानूला म्हणाला.

पुढचा बॉल उंच आला. दयाराम मागून धावत आला आणि उडाला. आता याला उडणं म्हणायचं की काय म्हणायचं! तो वर गेला, आणखी वर गेला, छाती जाळीच्या बरोबरीला आली असं वाटलं, आणि वर पोचल्यावर अंमळ तिथेच थांबला. मग हात फिरला. बॉल पलीकडे जमिनीवर असा बसला की धूळ उडाली, आणि तोफ नुसती पाहत राहिली.

नरहरीचं तोंड उघडं राहिलं. इतकी वर्षं त्याने लोखंड वर जाताना पाहिलं होतं, साखळीने, पुलीने, वीस माणसांच्या जोराने. हे आपलं पोट्टं, कोणी न ओढता, स्वतःच गेलं होतं वर. त्याचे डोळे भरून आले आणि त्याला ते पुसायचंही सुचलं नाही.

पुन्हा बॉल आला. पुन्हा दयाराम धावला. आणि नरहरीच्या छातीतून, त्याला न विचारता, आरोळी फुटली.

"हाऽऽबेस!"

दयाराम वर! बॉल खाली! टोळीच्या अंगात सवय मुरलेली. पुढच्या वेळी सगळ्या खलाशांनी एका सुरात ठोकली. मग ट्रकवाल्यांनी उचलली, मग बंगाली बाबूंनी, मग सरदारांनी, मग फुटाणेवाल्यांनी. दयाराम धावायला लागला की सगळं मैदान ओरडे, हाबेस!

लहानू नरहरीच्या कानाशी वाकून म्हणाला, "अबे, आपल्याले पोट्ट्याले हरवाचं होतं ना?"

"चूप बे!" नरहरी खेकसला. "हाऽऽबेस!"

सेक्टरची पोरं जिंकली. जिंकणार नाहीत तर काय? एकट्या दयारामचेच बॉल पलीकडे जात होते! ओमप्रकाश साहेबांनी सगळ्यांसमोर त्याला मिठी मारली आणि म्हणाले, कल से प्रैक्टिस पे आओ, कागज़ बन जाएगा. दौलतराव स्टुलावरून उतरून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, पोराला खेळू द्या!"

करायला गेला काय आणि झालं काय! घरी जायचा रस्ता सोडून नरहरी वळसा घेऊन सिविक सेंटरच्या बाजारात गेला. जिलबी घेतली, आणि हलवायाला, पानवाल्याला, सायकल दुरुस्तीवाल्याला, ज्याला त्याला सांगत सुटला, "तो उडत होता ना? माहं पोट्टं. हाव, माहंच." घराच्या दाराशी आला तेव्हा कुठे त्याला आठवलं की हे पोट्टं आता खलासी होणार. आपल्याच हाताने आपण त्याला खलासी केला. त्या दिवशी जिलबी खाताना तो तसबिरीकडे पाठ करून बसला.

पण शब्द म्हणजे शब्द. सोमवारी दयाराम प्रॅक्टिसला गेला. मंगळवारीही गेला. नरहरी कामावर टोळीला पोराचे बॉल हाताने मारून दाखवत होता आणि मध्येच 'खलासी' आठवून हात खाली घेत होता. बुधवारी दुर्गच्या कॉलेजात नाव घालायचा शेवटचा दिवस होता.

मंगळवारी संध्याकाळी दयाराम घरी आला, पाय धुतले, आणि चटईवर बसून म्हणाला, "बाबा, उद्या सुट्टी टाकता का? दुर्गले जाऊ."

"दुर्गले कायले?"

"कॉलेजात नाव घालाले."

रमाची भाकरी तव्यावर तशीच राहिली. नरहरीला तर आनंद व्हायला हवा होता. ज्यासाठी पाप केलं ते आयतं पदरात पडत होतं. पण माणसाचा काही नेम असतो का! तो एकदम भडकला.

"कावून? खेळाचं काय झालं? साहेब काही बोलला का तुले? मी जातो त्याच्याकडे!"

"साहेब काही नाही बोलला. टीम चांगली आहे बाबा. मी तिथं साधा आहे."

"साधा? कोण म्हणते साधा?" नरहरी उभाच राहिला. "मैदानभर माणसाईनं पाह्यलं! ते तोफ तं तोंड वासून उभं होतं!"

"त्या दिवशी होतं," दयाराम म्हणाला. "काल बरोबर जाळीवर खेळलो ना, तं तोफेनं माह्या अंगावर असे बॉल मारले, मले हात बी लावता नाही आला. त्या उंचीवर मी एकटाच पोहोचत होतो म्हणून मी हिरो झालो. नोकरी मले वीतभर उंच जाळीवर भेटली बाबा. खेळाचं आहे बरोबर जाळीवर. दोन-चार महिन्यांत साहेबाले समजन, मंग मी फक्त खलासी राहीन. त्यापेक्षा कॉलेजात शिकतो, तिथं खेळतो, हात बसवतो. मंग कारखान्यानं बोलावलं तं पाहू."

भाकरी करपल्याचा वास आला. नरहरी हळूच खाली बसला.

"तुले कवा समजलं, जाळी वर आहे म्हणून?"

"पयल्याच बॉलले."

"मंग बोलला कावून नाही? दौलतराव होते, साहेब होता. मापाची काठी होती."

दयारामने चटईच्या काड्या उपसायला सुरुवात केली. "बांधणारे तुमी होते ना," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर कसा बोलू?"

नरहरीला शरम वाटली. इतकी की जमीन दुभंगावी आणि आत घ्यावं. आणि त्याच वेळी पोराचा एवढा अभिमान वाटला की तो उगाच खाकरला.

रमाला मात्र आता कुठे उलगडा झाला. "म्हणजे जाळी तुमी वर केली होती? पोट्ट्याले पाडाले?" ती उलथनं घेऊनच वळली. "माय वो! आन् वरून जिलबी घेऊन आले! शरम कशी नाही वाटली जी?"

"वाटली ना," नरहरी म्हणाला. "म्हणून तं तुले जास्त देल्ली."

दयाराम हसला. रमाही हसू दाबत तव्याकडे वळली आणि करपलेली भाकरी तिने मुद्दाम नवऱ्याच्या ताटात टाकली. नरहरीने ती मुकाट्याने खाल्ली. जेवण अर्धं झालं तेव्हा तो पोराकडे न पाहता म्हणाला, "कॉलेजात मॅच होतात?"

"होतात ना."

"मंग सांगत जाजो. मी सुट्टी टाकून येत जाईन पाहाले." तो पाणी प्याला. "आन् जाळीले हात नाही लावणार."